नव्या लायसन्सवर जुनं सॉफ्टवेअर चालवता येतं का?

ऑफिसात नवा कॉम्प्युटर येतो. त्यात विंडोज ११ असतं आणि ज्या कामासाठी तो आणला, नेमकं तेच काम त्यावर होत नाही. हिशेबाचं जुनं पॅकेज उघडत नाही, प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही, वर्कशॉपमधल्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या) मशिनशी बोलणारं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘अहो, जुनं विंडोज टाकून द्या की. पैसे तर नव्याचे भरलेत.’ पेन ड्राइव्ह निघतो, तासाभरात जुनी आवृत्ती चढते आणि काम सुरू होतं.

हे कायद्यात बसतं का? काही वेळा पूर्णपणे बसतं, काही वेळा अजिबात बसत नाही. किती पैसे भरले याच्याशी त्याचा संबंध नाही. लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे आणि त्यात काय लिहिलंय, यावर सगळं ठरतं. मला या विषयाची तळमळ वाटते ती दोन कारणांनी. कित्येक छोट्या ऑफिसांकडे जुनी आवृत्ती वापरायचा हक्क असतो, पण तो माहीत नसल्यामुळे ती क्रॅक केलेली कॉपी टाकून विनाकारण चोर ठरतात. आणि कित्येकांकडे तो हक्क नसताना ‘बिल आहे ना आपल्याकडे’ म्हणून ती निर्धास्त बसतात.

मुळात आपण काय विकत घेतो ते आधी पाहू. सॉफ्टवेअर विकत घेतलं असं आपण बोलतो, पण बहुतेक वेळा हातात येते ती फक्त वापरायची परवानगी, तीही अटींसह. आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरतो. कादंबरीला जे संरक्षण, तेच प्रोग्रॅमला. त्याची प्रत करायचा अधिकार मालकाचा, आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं म्हणजे प्रत करणंच. विंडोज १० आणि विंडोज ११ या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या कृती आहेत. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती विकत घेतली म्हणून जुन्या आवृत्तीची झेरॉक्स काढायचा हक्क मिळत नाही, तसंच हे. जुन्याची परवानगी हवी असेल तर ती मालकानं कुठेतरी दिलेली असावी लागते. तिलाच डाउनग्रेडचा हक्क म्हणतात.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये आपल्यासारख्यांसाठी एक सवलत आहे. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे तुमच्याकडे असेल तर ती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरती प्रत करता येते, आणि खराब झाली तर हाताशी असावी म्हणून बॅकअपही घेता येतो. पण ही सवलत तुमच्याकडे असलेल्या प्रतीची आहे, त्या कंपनीच्या दुसऱ्या आवृत्तीची नाही. जुन्या सीडीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला तर ठीक, मात्र त्या सीडीचं लायसन्स अजून जिवंत असायला हवं.

दुसऱ्या बाजूला आहे कलम ६३ब. बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नव्हता असं पटलं तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरपेक्षा दुकानातल्या, क्लिनिकमधल्या, छापखान्यातल्या कॉम्प्युटरला धोका जास्त.

विंडोजचं लायसन्स कुठल्या वाटेनं आलं?

विंडोजचं उदाहरण घेतो, कारण गुंता तिथेच सगळ्यात जास्त आणि प्रत्येकाच्या टेबलावर तेच असतं.

विंडोज आपल्याकडे तीन वाटांनी येतं. नव्या मशिनमध्ये कंपनीनं आधीच घालून दिलेलं, त्याला ओईएम म्हणतात. दुकानातून किंवा ऑनलाइन सुटं घेतलेलं, ते रिटेल. आणि कंपन्या, संस्था करार करून घाऊक घेतात ते व्हॉल्यूम लायसन्स.

डाउनग्रेडचा सगळ्यात मोकळा हक्क व्हॉल्यूमवाल्यांना. नवं घ्या आणि त्याच्या जोडीची मागची आवृत्ती वापरा. फक्त एक खाच लक्षात ठेवा. डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेड स्वरूपाचं असतं, त्याच्याखाली मशिनचं स्वतःचं पात्र लायसन्स लागतं. कोऱ्या, असेंबल केलेल्या मशिनवर थेट व्हॉल्यूमची की, म्हणजे विंडोज सुरू करायचा सांकेतिक क्रमांक, टाकली तर पायाच नाही. बाजारात काही शे रुपयांत मिळणाऱ्या व्हॉल्यूमच्या सुट्या की तर कुठल्या तरी संस्थेच्या करारातून बाहेर पडलेल्या असतात. अ‍ॅक्टिव्हेट झाल्या म्हणून त्या कायदेशीर होत नाहीत.

ओईएममध्ये हक्क आहे, पण फक्त प्रो, म्हणजे ऑफिसच्या वापरासाठीच्या प्रकाराला. होम या घरगुती प्रकाराला नाही. रिटेलला सहसा नाहीच. लोकांना इथे आश्चर्य वाटतं, कारण रिटेल महाग आणि एका मशिनवरून दुसऱ्यावर नेता येणारं. तरीही लॅपटॉपसोबत आलेल्या प्रोला जे मिळतं ते दुकानातल्या प्रोला मिळत नाही. कारण अटींमधलं वाक्यच तसं आहे.

ते वाक्य जवळून वाचण्यासारखं आहे. विंडोज १० च्या अटींत त्याचा आशय असा: उत्पादकाकडून किंवा इन्स्टॉलरकडून प्रोफेशनल आवृत्ती आधीच घातलेलं उपकरण तुम्ही घेतलं असेल, तर तुम्ही विंडोज ८.१ प्रो किंवा विंडोज ७ प्रोफेशनल वापरू शकता, मात्र मायक्रोसॉफ्ट त्या जुन्या आवृत्तीला सपोर्ट देत असेल तोपर्यंतच. जुनी आवृत्ती तुम्हाला पुरवायला उत्पादक किंवा मायक्रोसॉफ्ट बांधील नाही, ती तुम्ही वेगळी मिळवायची आणि त्यासाठी पैसे पडू शकतात. मूळ घेतलेल्या आवृत्तीवर केव्हाही परत जाता येईल.

‘सपोर्ट देत असेल तोपर्यंतच’ हे शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. म्हणजे विंडोज १० प्रोच्या ओईएम लायसन्सवर २०१८ मध्ये विंडोज ७ टाकलं असेल तर तेव्हा ते पूर्ण कायदेशीर होतं. तेच मशिन आज त्याच विंडोज ७ वर चालू असेल तर त्याच्या बाजूनं ते वाक्य आता उभं राहत नाही. कॉम्प्युटरला कोणी हात लावला नाही, काहीही बदललं नाही, तरी परवानगी संपली. मला हा या सगळ्यातला सगळ्यात अन्यायकारक भाग वाटतो, पण लिहिलंय ते असं आहे.

विंडोज ११ प्रोच्या ओईएम अटीही याच धर्तीच्या, मागची आवृत्ती विंडोज १० प्रो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. त्यानंतर नोंदणी करून मिळणारी वाढीव सुरक्षा अपडेट आहेत, पण त्या जोरावर ‘सपोर्ट अजून चालू आहे’ असा दावा करून एखाद्या ऑफिसानं वीस मशिन विंडोज १० वर न्यावीत, असा सल्ला मी देणार नाही. न्यायचीच असतील तर विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या.

आधी विंडोज १० होतं आणि त्याच मशिनवर फुकट अपग्रेड करून ११ घेतलं, त्यांची गोष्ट वेगळी. ते डाउनग्रेड नव्हे, स्वतःच्या जुन्या लायसन्सवर परतणं आहे. सेटिंगमध्ये मागे जायचं बटण दहा दिवस राहतं आणि लोकांना वाटतं की दहा दिवसांनी हक्कही गेला. ती मुदत जुन्या फायली डिस्कवर ठेवायची आहे. नंतर परत जायचं तर डेटा काढून घेऊन विंडोज १० नव्यानं टाकावं लागतं, हा रस्ता मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगितला होता.

हक्क मिळाला, पण प्रत आणि की?

हक्क, प्रत आणि की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या अनुभवात निम्मा गोंधळ या तिन्ही एक समजल्यामुळे होतो.

नवा लॅपटॉप विंडोज ८ किंवा त्यापुढचा असेल तर त्याची की स्टिकरवर छापलेली नसते, मशिनच्या बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, कोरलेली असते. इन्स्टॉल करताना नवं विंडोज ती आपोआप वाचतं. जुनं विंडोज ७ तिथे बघतच नाही, ते पंचवीस अक्षरी की मागतं, आणि नव्या आवृत्तीची की त्याला चालत नाही. म्हणजे कागदावर हक्क असूनही हातात काही नसतं. यावर ठरलेली पद्धत अशी होती की आधी कायदेशीरपणे घेतलेली जुनी डिस्क आणि तिची की वापरायची. ती की दुसऱ्या मशिनवर वापरलेली असल्यामुळे ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन अडतं. तेव्हा फोनवरून अ‍ॅक्टिव्हेशन करायचं आणि प्रतिनिधीला सांगायचं की हे डाउनग्रेड आहे. की जुनी असली तरी लायसन्स नव्या मशिनचंच धरलं जातं.

इथे माणसं आडवाट धरतात. की मिळत नाही म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे कीशिवाय विंडोज सुरू करून देणारा चोरटा प्रोग्रॅम, चालवतात. हक्क खरा, पण क्रॅक केलेली प्रत हक्कात येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलेलं कलम ६५अ कॉपीराइट मोडण्याच्या हेतूनं संरक्षणाचं कुलूप तोडणं हाच स्वतंत्र गुन्हा मानतं. शिवाय त्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत आणखी काय आत आलं हे कोणी बघत नाही.

प्रत मिळवायला पैसे पडतात यावरून अमेरिकेत भांडणही झालं आहे. विंडोज एक्सपीनंतरचं व्हिस्टा आलं तेव्हा ते लोकांना नकोसं झालं होतं आणि एक्सपीकडे परतायची रीघ लागली होती. २००९ मध्ये एका ग्राहक महिलेनं मायक्रोसॉफ्टवर सिएटलच्या न्यायालयात दावा लावला, कारण व्हिस्टाचा लॅपटॉप एक्सपीवर आणायला तिला ५९ डॉलर २५ सेंट जास्त मोजावे लागले होते. हक्क फुकट, पण डिस्क आणि मजुरीचे पैसे वेगळे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

आपल्याकडच्या ऑफिसांत २०१३ नंतरच्या काही वर्षांत आलेली पुष्कळ मशिन अशीच होती. बिलावर विंडोज ८ प्रो किंवा १० प्रो, आत मात्र उत्पादकानंच भरलेलं विंडोज ७ प्रोफेशनल. ते फसवणूक करून दिलेलं नव्हतं, डाउनग्रेडचा हक्क उत्पादकानं तुमच्या वतीनं वापरून दिला होता. त्यावर नवी आवृत्ती टाकायला वेगळे पैसे भरायची गरज नव्हती. पण हे माहीत नसल्यामुळे ज्या विंडोजचे पैसे एकदा दिले होते तेच पुन्हा विकत घेतलं गेलं, असंही पाहिलंय.

आणखी एक. एक लायसन्स म्हणजे एका वेळी एकच आवृत्ती. लॅपटॉपवर जुनी टाकली म्हणून मोकळी झालेली नवी आवृत्ती शेजारच्या मशिनवर टाकता येत नाही. आणि भंगारात काढलेल्या मशिनचं स्टिकर खरवडून नव्या मशिनला चिकटवणं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत चालत आलेली ही युक्तीसुद्धा ओईएमला लागू नाही. ते लायसन्स त्या मशिनबरोबरच संपतं.

हार्डवेअरकडूनही अडचण येते. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर विंडोज ७ आणि ८.१ ची अपडेट मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये रोखली. लायसन्स हो म्हणत होतं, मशिन नाही म्हणत होतं.

अपग्रेड घेतलं की जुनं कोणाचं?

अपग्रेड स्वस्त मिळतं, कारण तुम्ही जुनं लायसन्स त्यात मिसळून टाकता. हा व्यवहार न कळल्यामुळे किती नुकसान होतं ते ऑटोडेस्कच्या खटल्यात दिसलं. अमेरिकेतल्या एका आर्किटेक्ट फर्मकडे ऑटोडेस्कच्या ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची, रिलीज १४ ची पाकिटं होती. त्यांनी ऑटोकॅड २००० वर अपग्रेड घेतलं. नवं लायसन्स ३,७५० डॉलरला, अपग्रेड ४९५ ला. अट होती की जुन्या प्रती नष्ट करायच्या. त्यांनी त्या नष्ट केल्या नाहीत, विकून टाकल्या, आणि घेणाऱ्यानं त्या ईबेवर विकायला काढल्या. खालच्या न्यायालयानं ईबेवर विकणाऱ्याची बाजू धरली. पण सप्टेंबर २०१० मध्ये अपिलात निकाल उलटला. फर्म त्या प्रतींची मालक नव्हतीच, फक्त परवानाधारक होती, त्यामुळे तिला त्या विकताच येत नव्हत्या.

युरोपच्या न्यायालयानं ओरॅकलच्या एका प्रकरणात २०१२ मध्ये वेगळी भूमिका घेतली. मुदतीशिवाय दिलेलं लायसन्स ही विक्रीच, ते पुढे विकता येतं, फक्त पहिल्यानं आपली प्रत निकामी करायची. भारतात बसून युरोपातला निकाल दाखवणाऱ्या सेकंडहँड लायसन्सच्या जाहिराती दिसल्या तर हे लक्षात असू द्या. तो निकाल तिथल्या कायद्याचा आहे.

सबस्क्रिप्शन आल्यावर प्रश्न आणखी पुढे गेला. मे २०१९ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीनं क्रिएटिव्ह क्लाउड या सबस्क्रिप्शनच्या ग्राहकांना कळवलं की काही जुन्या आवृत्त्या वापरायची परवानगी आता तुमच्याकडे राहिलेली नाही, वापरत राहिलात तर तिसऱ्या पक्षाकडून दावा होऊ शकतो. महिन्याचे पैसे नियमित भरणाऱ्यांना हे पत्र गेलं होतं. त्याआधी वर्षभर अडोबी आणि ध्वनितंत्रज्ञानाची कंपनी डॉल्बी यांच्यात न्यायालयात वाद सुरू होता. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी आवृत्ती किती मागची चालेल हे कंपनी ठरवते आणि बदलूही शकते. ऑटोडेस्क सध्याच्या आवृत्तीबरोबर मागच्या तीन वापरू देते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा काय आहे ते आजच बघून ठेवावं.

याच्या उलट गैरसमजही एकदा जगभर झाला. डिसेंबर २०१२ मध्ये अडोबीनं क्रिएटिव्ह सूट २ या फोटोशॉपसह येणाऱ्या जुन्या संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले आणि जुन्या ग्राहकांची अडचण होऊ नये म्हणून साइटवर डाउनलोड आणि सीरियल नंबर उघडे ठेवले. फोटोशॉप फुकट झालं अशी हाकाटी पिटली गेली. कंपनीला खुलासा करावा लागला की हे फक्त आधीच लायसन्स असलेल्यांसाठी आहे. कंपनीच्याच साइटवरून उतरवता आलं, तरी तेवढ्यानं परवानगी मिळत नाही.

हे वाचताना मला आपल्याकडचे डीटीपीवाले आठवतात. महाराष्ट्रात गावोगावी लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक यांच्या वर्षानुवर्षांच्या फायली अडोबीच्याच पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहेत. त्याच कामाचं अडोबीचं नवं सॉफ्टवेअर इनडिझाइन, त्याचं सबस्क्रिप्शन घेतलं तर त्यात पेजमेकरचा हक्क येतो का? येत नाही. डाउनग्रेड हा त्याच सॉफ्टवेअरच्या मागच्या आवृत्तीपुरता असतो, कंपनी तीच असली तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरला तो लागत नाही. मात्र पेजमेकरची मूळ सीडी, सीरियल नंबर आणि बिल ज्यांनी जपून ठेवलंय त्यांचं ते जुनं लायसन्स त्यांचंच आहे. कंपनीनं विक्री थांबवली म्हणून ते रद्द होत नाही. फॉन्टसोबत येणारा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची कुलपासारखी छोटी वस्तू, त्याचंही तेच, तो मूळ डोंगल म्हणजेच तुमचं लायसन्स. त्या वस्तू कपाटाच्या तळाशी टाकू नका.

मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा ताप जवळपास नाही. ज्या लायसन्सखाली आवृत्ती एकदा बाहेर पडली, ती त्या लायसन्सखालीच राहते. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरनं आपलं लायसन्स कडक केलं, तेव्हा आधीची ७.२.४ आवृत्ती जुन्या मोकळ्या अटींवरच राहिली आणि तिच्यातूनच व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प उभा राहिला.

मग छोट्या ऑफिसानं करायचं काय? जुन्या सॉफ्टवेअरवर काम अडलेलं असेल तर मशिन घेण्याआधीच कोटेशनमध्ये लिहून मागा: आवृत्ती प्रो आहे, ओईएम आहे, आणि अमुक जुनी आवृत्ती अमुक तारखेपर्यंत चालवायची लेखी परवानगी आहे. हजार-दोन हजार वाचवायला होम घेतलं तर हा दरवाजा पहिल्याच दिवशी बंद होतो. सर्व्हर घेत असाल तर एक सोपा नियम उपयोगी पडतो. नव्या आवृत्तीची क्लायंट लायसन्स, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक मशिन किंवा माणसासाठीची परवानगी, जुन्या सर्व्हरला चालतात, जुनी नव्या सर्व्हरला चालत नाहीत. म्हणून क्लायंट लायसन्स घेताना नेहमी चालू आवृत्तीची घ्या.

सीएनसी, एक्स-रे, वजनकाटा अशा यंत्रांना जोडलेला कॉम्प्युटर असेल तर डाउनग्रेडच्या मागे न लागता यंत्राच्या उत्पादकाकडे दीर्घ मुदतीच्या विंडोजची चौकशी करा. विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ला जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. दिसायला आणि चालायला ते विंडोज १० च आहे, त्यामुळे बहुतेक जुनी सॉफ्टवेअरं त्यावर उभी राहतात. आणि जुनी आवृत्ती टाकलेल्या मशिनचं बिल, लायसन्सचा कागद, जुन्या डिस्कचा फोटो आणि कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती टाकली याची एक ओळ, एवढं एका फाइलमध्ये लावून ठेवा. तपासणीला कोणी आलं तर पहिला प्रश्न हाच येतो.